बनीची हद्द

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूची माळ ओवत होते आणि मनातल्या मनात बाबांवर चिडत होते. उजाडल्या उजाडल्या ते "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले होते. फोन उचलत नव्हते आणि त्यांच्यासाठी पूजा खोळंबली होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे ताऊ होते. गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातले ते सगळ्यांत वयस्क गृहस्थ. सारं गाव त्यांना ताऊ, म्हणजे थोरले काका, म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांना फोनवर लांबण लावायची सवय नाही.

"बेटी, तेरे पिताजी म्हारी चौपाल पे बैठे हैं. चाय पिला दी है. तू आ जा."

"क्यों ताऊ, क्या हुआ?"

"बनी में पत्ते तोड़ते पकड़े गए."

मी माळ तशीच टाकली, पर्स उचलली आणि कॅब बोलावली. करोल बागेतल्या आमच्या गल्लीत सुट्टीमुळे शुकशुकाट होता, तरी कॅब येईपर्यंत मी शेजाऱ्यांच्या स्कूटरला दोनदा लाथ मारली असेल. बाबा सुखरूप आहेत हे कळलं होतं. भीती वेगळ्याच गोष्टीची होती.

बनी म्हणजे तिकडची देवराई. गावाच्या मागच्या टेकडीवर, वर एका साधूचं लहानसं देऊळ आणि त्याच्याभोवती धौची दाट झाडी. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा चुलतभाऊ म्हणा. मी वनस्पती अभ्यासते. आमची छोटी संशोधन संस्था या बनीवर बरीच वर्षं काम करत होती, आणि त्यातलं निम्मं काम झाडं बघण्याचं होतं, निम्मं गावाचं ऐकून घेण्याचं. गावाचा नियम सोपा आहे. बनीत कुऱ्हाड चालवायची नाही, फांदी मोडायची नाही, पान तोडायचं नाही. वरच्या दाट भागात शेळ्यासुद्धा न्यायच्या नाहीत. खालच्या उतारावर मात्र शेळ्या चरू शकतात. तिथेही माणसाचा हात लागता कामा नये.

हा खालचा उतार पाहिला तर तुम्हीसुद्धा म्हणाल, की इथे कसलं जंगल. गुडघ्याएवढी, जमिनीला चिकटलेली खुरटी झुडपं आणि मधूनमधून एखादं मोठं झाड. पण ती खुरटी झुडपं म्हणजे धौच असतो. शेळ्या वरचा शेंडा खातात तसा तो आडवा पसरतो, मुळांतून नवे कोंब काढत राहतो आणि वर्षानुवर्षं तसाच दबा धरून बसतो. गावकरी शेळ्यांची जागा बदलत राहतात. ज्या तुकड्याला विश्रांती मिळते तिथला धौ उभा राहतो. ताऊंच्या तरुणपणी जिथे शेळ्या चरायच्या, तिथे आज झाडांखाली ऊन पोचत नाही. आम्ही मुळं तपासली, कोंब मोजले, जुन्या-नव्या तुकड्यांची तुलना केली. निष्कर्ष गाव आधीपासून सांगत होतं तोच निघाला, की खालचा उतार आणि वरचं बन हे एकच जंगल आहे.

उपग्रहाच्या चित्रात मात्र तो उतार ओसाड दिसतो. आणि दिवाळीच्या आधी सरकारी पाहणी पथक येणार होतं. कुठली जमीन जंगल म्हणून राखायची हे ते ठरवणार होते. त्यांनी आम्हांला तोंडी स्पष्ट सांगितलं होतं, की तुमचा अहवाल ठीक आहे, पण बनीची हद्द सगळ्या गावाने एकमुखाने दाखवली तरच आम्ही ती धरू. एका घराने जरी नाही म्हटलं, तर वरचं बन तेवढं बनी, खालचा उतार मोकळा.

आणि नाही म्हणणारा माणूस गावात होता. मी त्याला मनात ठेकेदार म्हणत असे, कारण गुरुग्रामच्या टॉवरांना रेती आणि विटा पुरवणं हा त्याचा धंदा. पन्नाशीचा, बोलायला गोड, मला कधी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. कागदोपत्री त्या उताराची घराघरांत वाटणी झालेली होती. तो एकेका घराला पटवत होता, की आपापला हिस्सा फार्महाउसवाल्यांना विकून टाका. त्याचं म्हणणं एकच होतं, जिथे शेळ्या चरतात ती जागा बनी कशी असेल. बरीच घरं डळमळीत झाली होती. ताऊ एकेकाशी बोलत होते आणि आम्ही श्वास रोखून बसलो होतो. अशा वेळी माझ्याच वडिलांनी त्या बनीत हात घालावा याला काय म्हणायचं?

कारण मला ठाऊक होतं. ते आठवून कॅबमध्ये माझं डोकं आणखी फिरलं.

दिल्लीतली आम्ही मराठी माणसं दसऱ्याला एकमेकांना आपट्याची पानं म्हणून कांचनची पानं देतो. कांचन इथल्या प्रत्येक बागेत असतो, पान दिसायला सारखंच, कोण एवढं बघतंय? बाबा बघतात. केंद्र सरकारच्या मंत्रालयात सगळी नोकरी काढलेला माणूस. फायलीवरचा स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवायचे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हातात कांचनचं पान पडलं की ते हसून घ्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आणखी एक वर्ष पितळ वाटलं." आई गेल्यापासून तर मंडळ हाच त्यांचा संसार. पावसाळा सरत आला तेव्हा मी त्यांना एकदा त्या गावाला घेऊन गेले होते. खालच्या उतारावर आपट्याचं एक जुनं झाड आहे, गाववाले त्याला झिंझेरी म्हणतात. ते बघून बाबांचा चेहरा असा काही उजळला, की मलाही बरं वाटलं होतं. बनीतलं काही तोडायचं नसतं हे मी तेव्हाच सांगितलं होतं, आणि "मला कळतं" असं त्यांनी त्यांच्या ठरलेल्या सुरात सांगितलं होतं.

चौपालवर, म्हणजे गावच्या चावडीवर, पोचले तर सणाच्या दिवशीही चांगली गर्दी जमली होती. पुरुष खाटांवर, बायका पलीकडच्या ओट्यावर. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून, गुडघे जुळवून बसलेले. पुढ्यात जमिनीवर आमच्या घरची कापडी पिशवी. आत पानं ठासून भरलेली. शेळ्यांमागे गेलेल्या एका बाईने त्यांना झाडाखाली बघितलं होतं आणि हाताला धरून खाली आणलं होतं. त्यांना कुणी अपशब्द बोललं नव्हतं. तेवढं तरी नशीब.

"बाबा, हे काय करून बसलात?" मी मराठीतच विचारलं.

"अगं, तिथे शेळ्या चरत होत्या," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, बनी वर देवळापाशी आहे. एवढ्या शेळ्या खातायत, तर चार पानं मी घेतली म्हणून काय झालं. मंडळात एकदा तरी खरं सोनं वाटावं म्हटलं."

मी काही बोलायच्या आत ठेकेदार खाटेवरून उठला. त्याने बाबांना हात जोडले.

"अंकल जी, आप बताओ. जहाँ से आपने पत्ते लिए, आपको वो जगह बनी लगी?"

"नहीं," बाबा म्हणाले. "बकरियाँ चर रही थीं. मैं समझा, बनी ऊपर है."

"सुन लिया सबने?" ठेकेदार गर्दीकडे वळला. त्याचा आवाज मुळीच चढला नव्हता. "सरकार में अफ़सर रहे हैं. पढ़े-लिखे आदमी. इनको भी वही दिखा जो मैं कहता हूँ. फिर क़सूर काहे का?" त्याने ती पिशवी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि बाबांच्या मांडीपाशी धरली. "लो अंकल जी. घर जाओ, त्योहार मनाओ. कोई कुछ नहीं कहेगा."

चार-सहा माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, "छोड़ो यार, बुज़ुर्ग आदमी हैं." ताऊंनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली आणि ते जमिनीकडे बघत राहिले. इतके महिने जे वाक्य ठेकेदाराला गावाच्या तोंडून वदवून घेता येत नव्हतं, ते माझ्या वडिलांनी त्याला ताटात वाढून दिलं होतं. आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. सुटका झाल्याचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं आणि हात पिशवीकडे निघाला होता.

"बाबा, पिशवी घेऊ नका."

"अगं, ते स्वतःच देतायत."

"म्हणूनच घेऊ नका. तुम्ही ती घेतलीत तर तो उतार बनी नाही, असं सगळ्या गावासमोर ठरलं. पथक येईल, हा माणूस हेच सांगेल आणि कुणाला नाही म्हणता येणार नाही. तिथे भिंती उभ्या राहतील, कळतंय का तुम्हांला?"

मी हे सगळं एका दमात आणि बहुधा फार मोठ्याने बोलले. मराठी कुणाला समजली नसेल, पण बाप-लेकीचं भांडण समजायला भाषा लागत नाही. बाबांनी हात मागे घेतला. चष्मा काढला, झब्ब्याच्या टोकाने पुसला, परत घातला. ऑफिसात एखादी फाईल अडकली की ते असंच करत असणार. मग त्यांनी ताऊंना विचारलं, "ताऊ जी, गाँव का आदमी पत्ता तोड़े तो क्या दंड है?"

ताऊंनी वर बघितलं. "नंगे पाँव, नंगे सिर घर-घर जाना पड़ता है. हर दरवाज़े पे अपने मुँह से बोलना पड़ता है कि बनी से तोड़ा. हर घर एक मुट्ठी बाजरा देता है. वो बनी की चिड़ियों को डलता है. जब तक आख़िरी घर न दे, जूता नहीं पहन सकता. पर वो गाँव वालों के लिए है. बाहर वाले को हम बस डाँट के भगा देते हैं."

बाबा वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

ते काय करतायत हे कळायला मला क्षणभर उशीर झाला. बाबांना जुना मधुमेह आहे. त्यांच्या तळव्यांना फारसं काही जाणवत नाही. खडा रुतला तरी कळत नाही, भाजलं तरी कळत नाही. डॉक्टरांनी बाथरूममध्येसुद्धा अनवाणी जायचं नाही असं बजावलेलं आहे. मागे एकदा नव्या चपलेने फोड आला होता, तो भरायला महिने गेले आणि पाय जातो की राहतो असं झालं होतं.

"बाबा, पाय. शुगर आहे तुम्हांला," मी म्हणाले.

त्यांनी मोजेही काढले, घडी करून बुटात ठेवले आणि उभे राहिले. "मैंने अभी ग़लत कहा," ते गर्दीला म्हणाले. "मुझे तोड़ने से पहले पूछना चाहिए था. पूछा नहीं. पत्ता बनी का है. मुझे दंड दीजिए."

ठेकेदाराचं हसू गेलं नव्हतं, पण ताणलं गेलं होतं. "अंकल जी, काहे को तकलीफ़ करते हो. शुगर है आपको? मैडम, आप समझाओ इनको." त्याच्या आवाजात खरी काळजी होती, आणि मला त्याचाच जास्त राग आला. त्याने आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं.

ताऊंनी बाबांच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "आदमी माँग के दंड ले रहा है. मना करूँ तो किस मुँह से करूँ?" आणि काठी टेकत ते पुढे निघाले.

गावातल्या गल्ल्या म्हणजे शेणामातीच्या नाहीत. गुरुग्रामच्या पैशाने तिथे सिमेंटच्या एकात एक अडकणाऱ्या लाद्या आल्या आहेत. घरांना लोखंडी फाटकं आहेत, फाटकाआड मोठमोठ्या गाड्या. लाद्या तापायला लागल्या होत्या आणि एका बांधकामाच्या खडीची चुरी सगळीकडे पसरली होती. बाबा ताऊंच्या मागून, मी बाबांच्या मागून, आणि आमच्या मागे बघ्यांचा घोळका.

पहिला दरवाजा ताऊंचाच. त्यांची बायको पदर सावरत बाहेर आली. बाबांनी घसा साफ केला आणि मंत्रालयात बोलावं तसं म्हणाले, "मेरे द्वारा बनी से पत्ते तोड़े गए हैं."

"द्वारा-व्वारा ना चलै," ताऊ म्हणाले. "सीधा बोल. मैंने तोड़े."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचे कान लाल झाले. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाकडे कधी काही मागितलं नाही, पगारवाढीसाठी अर्ज केला नाही, तो परक्या दारात पिशवी पसरून उभा होता. "मैंने बनी से पत्ता तोड़ा है," ते म्हणाले. "दाना दो." बाईने मूठभर बाजरी पिशवीत टाकली. पानं ताऊंनी आधीच काढून घेतली होती.

सुरुवातीची घरं सरळ गेली. म्हाताऱ्या बायकांनी तर दोन-दोन मुठी घातल्या. पण मग आम्ही मोठ्या फाटकांच्या बाजूला वळलो. या घरांनी विक्रीला होकार दिल्याचं मला माहीत होतं. आणि मूठभर बाजरी देण्याचा अर्थ त्यांनाही माहीत होता. दाणा द्यायचा म्हणजे गुन्हा घडला असं मानायचं, गुन्हा मानायचा म्हणजे उतार बनीचा मानायचा. पथकासमोर मग तोंड फिरवता आलं नसतं. एका घराचा मालक दारात उभा राहून गल्लीच्या टोकाला बघत होता. ठेकेदार तिथे मोटारसायकलला टेकून उभा होता. मालकाने बाबांकडे बघितलं, मग आत गेला. तो परत येईपर्यंत मी त्या रिकाम्या दारावरची नजर काढली नाही. त्याने बाजरी टाकली आणि कुणाकडेही न बघता फाटक लावून घेतलं. पुढच्या घरी सुनेने दिली. त्यापुढच्या घरी नवरा-बायकोची आत कुजबुज झाली, मग दोघांनी मिळून एकच मूठ आणली.

खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. एकेक दार उघडलं, की माझ्या डोळ्यांपुढे उताराची एकेक पट्टी सुटताना दिसायची. आणि त्याच आनंदात माझी नजर लादीवर गेली. बाबांच्या मागे, पाऊल पडेल तिथे, एक गडद ओला ठिपका उमटत होता.

"बाबा, थांबा. पायातून रक्त येतंय."

ते थांबले. खाली बघितलं. उजवा पाय वळवून तळवा बघण्याचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. "दुखत नाहीये," ते म्हणाले.

"तुम्हांला दुखणारच नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे. पुरे झालं आता. मी गाडी बोलावते."

"किती घरं राहिली?"

"खड्ड्यात गेली घरं. तो उतार गेला तर जाऊ दे. चला."

माझ्या तोंडून हे निघालं आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं. बाबांना मुळीच वाटलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी मी पहाडगंजच्या शाळेतून मार खाऊन आले की बघायचे, तसे.

"तू जाऊ दे म्हणशील," ते म्हणाले. "पण तिथे बनी नाही, हे माझ्या तोंडून गेलंय. सगळ्या गावासमोर गेलंय. ते मला परत घ्यायचंय. मी ते तसंच सोडून घरी जाऊन श्रीखंड खाऊ का?"

"पाय गेला तर?"

"एकच घर राहिलंय ना?"

शेवटचं घर ठेकेदाराचं होतं. ताऊंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं की रस्ताच तसा होता, मला अजून ठाऊक नाही. त्याची मोटारसायकल आतमध्ये लावलेली होती आणि फाटक बंद होतं. झेंडूचं तोरण नुकतंच बांधलेलं. ताऊंनी काठीने फाटक वाजवलं. कुणी आलं नाही. बाबा उन्हात उभे राहिले, उघड्या डोक्याने, पिशवी दोन्ही हातांत धरून. मी माझी ओढणी त्यांच्या पायाखाली सरकवली, ती त्यांनी पायाने बाजूला केली.

गल्ली गच्च भरली होती. कुणीही घरी जात नव्हतं. ज्यांनी बाजरी दिली होती ते सगळे आता त्या बंद फाटकाकडे बघत होते. मला उमगलं, की हे जर उघडलं नाही, तर त्यांच्या मुठी फुकट गेल्या. मी दार ठोठावायला पुढे झाले. ताऊंनी काठी आडवी धरली आणि मानेनेच नाही म्हटलं.

शेवटी फाटकातला छोटा दरवाजा उघडला आणि ठेकेदार बाहेर आला. त्याच्या हातात चपलांचा जोड होता, नवा, मऊ तळव्यांचा. तो बाबांसमोर वाकला आणि चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"पहन लो अंकल जी. ख़ून निकल रहा है. मैं हाथ जोड़ता हूँ."

बाबांनी चपलांकडे बघितलंही नाही. "मैंने बनी से पत्ता तोड़ा है. दाना दो."

"अंकल जी, बाक़ियों का तो हिस्सा भर है. मैंने बिरादरी में सबको ज़बान दी हुई है. लड़कों ने इसी के भरोसे शहर में दुकान पकड़ी है." आता त्याचा आवाज खाली आला होता, फक्त बाबांसाठी. "इस मुट्ठी में मेरा सब चला जाएगा. पता है आपको?"

"पता है," बाबा म्हणाले.

"फिर भी माँगोगे?"

बाबांचा चेहरा हलला. मला वाटलं, आता ते वळणार. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, समोरच्याला आपल्यामुळे त्रास होतोय हे त्यांना कधीच सोसलेलं नाही. मग त्यांनी पिशवी थोडी वर उचलली आणि पुन्हा तेच म्हणाले, अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. "मैंने बनी से पत्ता तोड़ा है. दाना दो."

ठेकेदार त्यांच्या पायांकडे बघत राहिला. लादीवर आता ठिपका नव्हता, डाग होता. दाराच्या आत त्याचे दोन्ही मुलगे उभे होते. मोठा म्हणाला, "पापा, अंदर आओ." ठेकेदार आत गेला. मला वाटलं, संपलं.

तो परत आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. मुलाने त्याचा दंड धरला होता. त्याने तो सोडवून घेतला, पिशवीवर हात नेला आणि मूठ उघडली. काही दाणे बाहेर सांडले. ते त्याने वाकून वेचले आणि तेही आत टाकले. मग तिथेच उकिडवा बसून त्याने स्वतःच्या हाताने बाबांच्या पायांत चपला चढवल्या.

ताऊंनी पिशवी घेतली आणि टेकडीच्या वाटेला लागले. हळूहळू सगळेच त्यांच्या मागे गेले.

कॅब मिळेना, तेव्हा गाडीही ठेकेदारानेच काढली. बाबा पुढे बसले, पायाला त्याचा गमछा गुंडाळलेला. मी मागे. टेकडीला वळसा घालून रस्ता खालच्या उताराच्या कडेने जातो. तिथून जाताना तिघांपैकी कुणीही खिडकीबाहेर बघितलं नाही. पुढे एका बोटाचं टोक काढावं लागलं, पण पाय वाचला. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी गाडीत मला एवढंच कळत होतं, की ज्या माणसाच्या हरण्याची मी इतके महिने वाट बघत होते, तो आमच्यासाठी गाडी चालवतोय आणि आरशात त्याचे डोळे लाल आहेत.

हॉस्पिटलच्या दारात त्याने बाबांना व्हीलचेअरवर बसवलं, त्यांचे पाय उचलून खुर्चीच्या पायपट्टीवर नीट ठेवले. मी थँक्यू म्हणाले. त्याने ते ऐकून घेतलं नाही. गाडीत बसला, चावी फिरवली आणि काच खाली केली.

"मैडम, अब वो हद ठीक से लिखना. पूरी लिखना. एक हाथ भी कम मत लिखना."